टकळी चुलीत टाकू नका

महोदय,

आपल्या रविवारच्या बालपुरवणीत सध्या सुरू असलेली व्हायकिंग मुलांची, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी उत्तर युरोपातून जहाजे घेऊन निघणाऱ्या दर्यावर्दी लोकांच्या मुलांची, साहसकथा बंद करावी, अशी मागणी करणारे एका वाचकाचे पत्र गेल्या आठवड्यात याच सदरात वाचले. समुद्री लुटारूंना मुलांपुढे नायक करू नये, परक्यांच्या देवांच्या गोष्टी आपल्या मुलांना कशाला, आणि लांडगा देवाचा हात तोडतो असले प्रसंग कोवळ्या मनांना सोसत नाहीत, अशा त्यांच्या हरकती आहेत. मी हर्णैला राहते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी पडवीत मुलांना पुरवणी मोठ्याने वाचून दाखवते. येणारी बहुतेक मुले बंदराजवळच्या घरांतली आहेत, वडील मासेमारीच्या बोटींवर जाणारे. ही कथा त्यांनी कशी ऐकली ते मी पाहिले आहे. कथा मुळीच बंद करू नका. मात्र चौथ्या भागात लेखकांनी एक गोष्ट केली ती मला फार लागली, तिच्याबद्दलही लिहायचे आहे.

आधी लुटारूंचे. इ. स. 793 मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ या लोकांनी लुटला, तिथून त्यांची भीती युरोपभर पसरली. ती हकिकत लिहून ठेवली ती मठांत राहणाऱ्या लिहित्या-वाचत्या लोकांनी. लुटणाऱ्यांकडे रून अक्षरे होती, पण ती दगडावर, लाकडावर थोडके काही कोरण्यापुरती. त्यामुळे कित्येक शतके हे लोक जगाला फक्त शत्रूच्या वहीतून दिसले. आमच्या किनाऱ्यावरून समोर सुवर्णदुर्ग दिसतो. मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांना इंग्रज कंपनीची माणसे चाचे म्हणत, हे इथल्या मुलांना ठाऊक आहे. शत्रूने दिलेल्या नावापलीकडे माणूस कसा होता, हे विचारायला ती शिकलेली आहेत.

पण म्हणून व्हायकिंगांना धुऊन-पुसून मुलांपुढे ठेवावे असे मी म्हणणार नाही. त्यांनी गावे जाळली, माणसे पकडून नेली, आणि डब्लिनसारख्या बंदरात ती विकली. आपल्या कथेतल्या घरात आयर्लंडहून पकडून आणलेला एक गुलाम मुलगा आहे. पहाटे उठून गोठ्यातले शेण तोच काढतो, आणि नायिकेपेक्षा त्याला समुद्र जास्त कळतो. माझ्या मते तो या कथेतला सर्वांत चांगला उभा राहिलेला मुलगा आहे. त्याचा भाग वाचून झाला की दर वेळी कोणीतरी विचारतेच, बाई, हा त्याच्या घरी कधी जाणार? लुटीची बाजू मुलांना कळते आहे ती त्याच्यामुळे. लेखकांनी त्याला विसरू नये.

परक्या देवांचा मुद्दा मला मुळीच पटत नाही, आणि त्याचे कारण या गोष्टींच्याच इतिहासात आहे. आइसलँडने सुमारे इ. स. 1000 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, 1220च्या सुमारास, स्नोरी स्टुर्लुसन या गृहस्थाने ओडिन, थोर, लोकी या जुन्या देवांच्या कथा ‘एड्डा’ या ग्रंथात लिहून काढल्या. स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता, देशाच्या लोकसभेचा, म्हणजे आल्थिंगचा, दोनदा कायदेप्रमुख झालेला होता. त्या देवांना तो पुजत नव्हता. पण जुन्या कवितेत सोन्याला ‘सिफचे केस’ म्हटलेले असे, आणि लोकीने थोरच्या बायकोचे, सिफचे, केस खोडसाळपणे कापले, मग खुज्या कारागिरांनी तिला सोन्याचे केस घडवून दिले, ही गोष्टच माहीत नसेल तर नव्या कवींना काय कळणार, या काळजीने त्याने लिहिले. आपल्या धर्माला धक्का न लावता दुसऱ्या श्रद्धेच्या गोष्टी प्रेमाने सांभाळणारा असा माणूस होता म्हणून त्या आज उरल्या आहेत. पुढे जुन्या देवगीतांची तेराव्या शतकातली एक लहानशी हस्तलिखित पोथी डेन्मार्कच्या राजाकडे गेली होती. ती 1971 मध्ये डॅनिश नौदलाच्या जहाजातून आइसलँडला परत आली तेव्हा रेक्याविकच्या बंदरावर हजारो माणसे लोटली होती. ज्या देवांना तिथे आता फारसे कोणी पुजत नाही, त्यांच्या पोथीसाठी. आपल्या मुलांनी त्या गोष्टी ऐकल्या तर आपले काय कमी होणार आहे?

आता त्या हाताबद्दल. पत्रलेखकांची काळजी मी समजू शकते. तो भाग वाचायला घेताना मीही जरा थांबले होते. फेनरिर लांडगा दिवसेंदिवस वाढत चालला, देवांनी त्याला बांधायला लोखंडाची साखळी केली, ती त्याने तोडली. दुसरी अधिक जाड केली, तीही तोडली. तेव्हा खुज्यांनी मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळे, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी यांपासून एक फीत केली, रेशमासारखी मऊ. लांडग्याला संशय आला. कोणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा, मगच बांधून घेईन, म्हणाला. सगळे देव एकमेकांकडे पाहू लागले. टीर नावाच्या देवाने आपला उजवा हात पुढे केला. फीत तुटली नाही, लांडगा अडकला, आणि टीरचा हात गेला.

वाचून झाल्यावर मुले घाबरली नाहीत, भांडू लागली. टीरला आधी माहीत होते का हात जाणार म्हणून? माहीत असेल तर तो शूर, नसेल तर फसला. दुसऱ्या मुलाचे म्हणणे, देवांनी लांडग्याला फसवले, म्हणजे खोटे बोलले, मग त्याची किंमत कोणीतरी द्यायलाच हवी होती, ती टीरने दिली. चौथीतली मुले ही. इतका नेमका विचार त्यांनी कोणत्याही बोधकथेवर केलेला मला आठवत नाही. बोधकथेत बोध शेवटच्या ओळीत तयार असतो, तिथे विचार करायला जागाच उरत नाही. आणि वादळात बाप बाहेर असताना रात्रभर जागणाऱ्या घरातल्या मुलांना भीती म्हणजे काय हे आपण नव्याने काय दाखवणार?

आता माझे दुखणे. चौथ्या भागात आजी नायिकेच्या हातात सूत कातायची टकळी देते. ती टकळी चुलीत फेकते, असली कामे मला नकोत म्हणते, आणि भावाची तलवार घेऊन रात्री जहाजात लपते. पडवीतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मुलीने समुद्रावर जावे, जरूर जावे. आइसलँडच्या सागांमध्ये, म्हणजे तिकडच्या जुन्या गद्य कथांमध्ये, गुद्रिद नावाची बाई ग्रीनलँडवरून अटलांटिक ओलांडून विनलँडला, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर, गेल्याचे आणि तिथे तिला स्नोरी नावाचा मुलगा झाल्याचे सांगितले आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलँडमध्ये लान्स ओ मेडोज इथे 1960 मध्ये नॉर्स, म्हणजे याच उत्तरेकडच्या लोकांच्या, वस्तीच्या खुणा सापडल्या, तेव्हा युरोपातली ही माणसे कोलंबसाच्या आधी जवळजवळ पाचशे वर्षे तिकडे पोचली होती हे जमिनीनेच सांगितले. तेव्हा मुलगी जहाजात चढली याचा मला आनंदच आहे. पण लेखकमहाशय, ती ज्या जहाजात लपली त्याचे शीड कोणी केले?

ती शिडे लोकरीची होती. तिकडच्या जुन्या जातीच्या मेंढीच्या अंगावर दोन प्रकारची लोकर असते, आत मऊ आणि वरून लांब, राठ केसांची. त्या राठ केसांचा पीळदार धागा शिडाच्या उभ्या ताण्याला लागे, कारण तो ताण सोसतो आणि पाणी लवकर पीत नाही. धागा निघायचा तो हातातल्या टकळीवर. मग उभ्या मागावर, ताण्याला खाली दगडाची वजने बांधून, बायका कापड विणत. त्याला चरबी माखत, म्हणजे वारा आरपार जाऊ नये. एका मोठ्या जहाजाच्या शिडाचे सगळे सूत एकटीने कातायचे म्हटले तर तिची वर्षे जातील. नॉर्वेत ट्रोंडेनेसच्या चर्चमध्ये अशा लोकरी शिडाचे जुने तुकडे सापडले आहेत. डेन्मार्कमध्ये रॉस्किल्डच्या खाडीत 1962 साली पाच बुडीत जहाजे वर काढली, त्यांच्या प्रतिकृती बांधताना अभ्यासकांना हे सारे काम हाताने पुन्हा शिकावे लागले. त्यांतल्या सुमारे 30 मीटर लांबीच्या युद्धनौकेची प्रतिकृती 2007 मध्ये रॉस्किल्डहून डब्लिनपर्यंत समुद्रातून नेली. मूळ नौका डब्लिनकडच्याच ओकच्या लाकडाची होती.

नॉर्वेत ओसेबर्गला 1904 मध्ये उकरलेली जहाजातली दफनजागा पाहा. इ. स. 834 मध्ये त्या सुंदर कोरीव जहाजात कोणाला निजवले होते? दोन बायकांना. आणि त्यांच्याबरोबर गाडी, घसरगाड्या, पलंग, स्वयंपाकाची भांडी, विणकामाचे माग. एका छोट्या मागावर तर 52 पट्ट्यांतून ओवलेले काम अर्धवट राहिले होते, तसेच ठेवलेले. त्या लोकांना हे काम हलके वाटत असते तर इतक्या मानाच्या जहाजात त्यांनी ते ठेवले असते का?

आमच्या वेळी शाळेत सूतकताईचा तास असे. माझी टकळी अजून आहे. पुढच्या रविवारी ती आणि थोडा कापूस काढून मुलांपुढे ठेवला. धागा तुटतच राहिला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एक मुलगी सगळ्यात जास्त वेळ बसली आणि शेवटी हातभर लांब, एकसारखा धागा तिने काढला. मग तिनेच विचारले, एवढ्याने लांडगा बांधला ना? तिने जोडलेला तो दुवा लेखकांच्या ध्यानात आला नाही याचे मला वाईट वाटते. दोन लोखंडी साखळ्या जिथे हरल्या तिथे मऊ फीत टिकली, हे मूळ गोष्टीतच आहे. त्यांच्या नायिकेला तलवारीची गरज पडेल तेव्हा पडो. वादळात शीड फाटल्यावर मात्र जहाजात धागा काढणारी ती एकटीच असेल, आणि तेव्हा तिच्याजवळ टकळी हवी.

चित्रकारांना एक विनंती. शिरस्त्राणावरची शिंगे काढा. नॉर्वेत ग्येरमुंडबू इथे 1943 मध्ये सापडलेले व्हायकिंग काळातले शिरस्त्राण गोल टोपीसारखे आहे, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी चौकट असलेले, शिंगांविना. शिंगे लोकांच्या मनात बसली ती मुख्यतः 1876 मध्ये जर्मनीत बायरॉइटला झालेल्या वाग्नर यांच्या संगीतनाट्याच्या पोशाखांमुळे. आमच्या एका मुलाने तर चित्र पाहूनच सांगितले, बाई, ही शिंगे दोरात अडकतील, मग माणूस पाण्यात. त्याचे काका बोटीवर असतात.

लेखकांना आणखी एक सुचवते. मुलांना देवांबरोबर प्रवासाला न्यायचे असेल तर मूळ कथेत तशी भावंडे आहेतच. थोर एका शेतकऱ्याकडे मुक्कामाला राहतो, आपल्या रथाचे दोन बोकड कापून सगळ्यांना जेवू घालतो, आणि हाडे मोडू नका, कातड्यावर ठेवा, एवढेच सांगतो. शेतकऱ्याचा मुलगा थ्यालफी मगज खायला एक हाड फोडतो. सकाळी बोकड जिवंत होतात, पण एक मागच्या पायाने लंगडतो. त्याच्या भरपाईत थ्यालफी आणि त्याची बहीण रोस्क्वा थोरबरोबर जातात. पुढे राक्षसांच्या वाड्यात थ्यालफीची शर्यत लागते ती प्रत्यक्ष विचाराशी, आणि थोर ज्या शिंगातून पितो त्याचे टोक समुद्रात असते, तो इतके पितो की ओहोटी लागते. जुन्या गोष्टीत रोस्क्वाला फारसे काही करायला दिलेले नाही. तिथे आपल्या लेखकांना मोकळे रान आहे.

जहाजावरचे जेवण एकदा नीट लिहावे, एवढे मुलांच्या वतीने. लोफोटेन बेटांवर कॉड मासा मीठ न लावता लाकडी मांडवांवर वाऱ्यात सुकवतात, आमच्याकडे बोंबील वाळत घालतात तसा. तो महिनोन् महिने टिकतो, आणि लांबच्या प्रवासाला त्याचा फार आधार होता. कथेत मात्र हे लोक पानोपानी भाजलेले मांसच खातात. समुद्रावर, उघड्या जहाजात, ते भाजायचे कुठे, असे मुलांनी विचारले आहे.

त्यांचे बाकीचे प्रश्न वेगळ्या कागदावर सोबत जोडले आहेत. लेखकांनी सवडीने पुरवणीत उत्तरे द्यावीत. गुलाम मुलाबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर मात्र पत्रातून देऊ नये, कथेतच यावे, असे मुलांनी मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी