आठवीचा नकार लेखी द्या

महोदय,

आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे. माझी मुलगी यंदा सातवी झाली. पुढच्या शिक्षणासाठी गावातली मुलं चार किलोमीटरवरच्या अनुदानित हायस्कूलला जातात. जूनमध्ये दाखला घेऊन मी तिथं तीनदा गेले. आधी ‘सोमवारी या’, मग ‘सर मीटिंगला गेलेत’ आणि शेवटी ‘आठवीची तुकडी भरली’. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, दर फेरीला रजा मागावी लागली. ‘भरली असं लिहून द्या’ म्हटलं, तर तसं देता येत नाही म्हणाले.

मुख्याध्यापकांवर माझा राग नाही. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे किमान एक शिक्षक हवा, असं कायदाच सांगतो. शिक्षक मंजूर नसतील तर जादा मुलं ते बसवणार कुठं? पण हातात कागद नसेल तर आम्ही दाद कशाच्या जोरावर मागायची?

दुसरं हायस्कूल 13 किलोमीटरवर आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, पण शाळा पाचला सुटते आणि आमच्याकडची गाडी साडेसातला. तेरा वर्षांच्या मुलीला रोज अडीच तास स्टँडवर कशी बसवू?

गावातल्या निवृत्त गुरुजींनी 2009 चा शिक्षण हक्क कायदा वाचून दाखवला. ज्या शाळेत आठवीपर्यंत सोय नाही, तिथल्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क कलम 5 देतं. कलम 32 प्रमाणे लेखी तक्रार करता येते आणि दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. मी दोन प्रतींत अर्ज केला, पोच घेतली. पण तीन महिने म्हणजे सहामाही परीक्षा तोंडावर येणार. तोवर मुलीने काय करायचं?

सातवीत किती मुलं आहेत हे शिक्षण खात्याला आधीच ठाऊक असतं, एकेका मुलाची नोंद ऑनलाइन आहे. मग कुठल्या हायस्कूलला वाढीव तुकडी लागेल, हे एप्रिलमध्येच का ठरत नाही? माझी मागणी एवढीच आहे : प्रवेश नाकारला तर त्याच दिवशी कारणासह लेखी द्यावं आणि जून-जुलैतल्या तक्रारी पंधरा दिवसांत पालकाला समोर बसवून ऐकाव्यात.

आठवीची पुस्तकं शाळेतून मोफत मिळतात, पण तिचं नाव कुठल्याच पटावर नाही. शेजारच्या मुलाचा जुना संच आणलाय. त्यातली गणितं ती रोज एकटीच सोडवत बसते.

— एक आई, जुन्नर तालुका, जि. पुणे