आधी टेबल सुकवा, मग फॉरमॅट बदला

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

काल आपल्या क्रीडापानावर बिलियर्ड्सच्या दुरवस्थेवर अर्धं पान आलं, आनंद झाला. मग छायाचित्राकडे लक्ष गेलं आणि आनंद ओसरला. मजकूर बिलियर्ड्सचा आणि वर पंधरा लाल चेंडूंचा त्रिकोण! बिलियर्ड्सला टेबलावर तीनच चेंडू असतात: पांढरा, पिवळा, लाल. पंधरा लाल म्हणजे स्नूकर. रणजीच्या बातमीवर हॉकीची स्टिक छापली असती तर दुपारपर्यंत आपल्या कचेरीतले फोन वाजत राहिले असते. इथे कोण फोन करतंय, हा आपला अंदाज मात्र बरोबर आहे.

लेखकाचा सल्ला असा, की खेळ फार लांबतो, तेव्हा शंभर अपचे, म्हणजे आधी शंभर गुण करील तो जिंकला असे, छोटे गेम करा, म्हणजे प्रायोजक धावत येतील. अहो, छोटे गेम कधीचेच आलेत. पंकज अडवाणी यांनी २००५ साली माल्टात, २००८ साली बंगळुरूत आणि २०१४ साली लीड्सला वेळेच्या आणि गुणांच्या अशा दोन्ही फॉरमॅटची जागतिक विजेतेपदं एकाच खेपेत घेतली. यातला गुणांचा तोच छोटा, म्हणजे निदान वीस वर्षं छोटा फॉरमॅट आहेच. तेव्हा निघालेले प्रायोजक अजून सायन सर्कलला अडकलेत का?

छोट्या फॉरमॅटने होतं काय, तर चांगल्या खेळाडूच्या हाती पहिला चान्स गेला की समोरच्याला खुर्चीतून उठायची वेळच येत नाही. दुसरं, मायकल फरेरा यांचा १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेतला ११४९ चा ब्रेक (एका पाळीत सलग केलेले गुण), किंवा गीत सेठी यांचा १९९२ च्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेतला १२७६ चा ब्रेक, हे शंभर अपमध्ये कुठे कोंबणार? उलट बाजूही मान्य आहे. १९३२ साली ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने ४१३७ चा ब्रेक केला तेव्हा लोकांना कंटाळा आलाच होता, आणि बॉक लाइन (टेबलाच्या खालच्या टोकाकडची आडवी रेघ) ओलांडायचा नियम त्यापायीच आला. पण तो रोग अतिसराईतपणाचा होता. मुंबईत आज तो कुणाला झालेला नाही.

‘व्यावसायिक’ हा शब्द लेखात जागोजागी आहे. व्यावसायिक स्नूकरच्या विश्वविजेत्याला पाच लाख पौंड मिळतात. आपल्याकडचा ‘व्यावसायिक’ बिलियर्ड्सपटू मात्र बहुतेक वेळा रेल्वेत नाहीतर तेल कंपनीत पगारावर असतो. अडवाणीसुद्धा ओएनजीसीचे. ही नोकरी मिळते पदकं दाखवून, आणि २०१० च्या ग्वांगझूनंतर हा खेळ आशियाई स्पर्धांतून गेला. १९९८ साली बँकॉकला अशोक शांडिल्य आणि सेठी यांनी दुहेरीचं सुवर्ण आणलं, त्याला सरकारी फायलीत वजन होतं. आजच्या वीस वर्षांच्या पोराने फायलीला काय जोडायचं? यावर लेखात एक ओळ नाही. जागतिक संघटना दोन, आयबीएसएफ एक आणि व्यावसायिकांच्या डब्ल्यूपीबीएसएच्या छत्राखालची दुसरी. दोघांच्या जागतिक स्पर्धा वेगळ्या, त्यात पुन्हा फॉरमॅट वेगळे, यावरही नाही. आपण नुसतं ‘विश्वविजेता’ छापून मोकळे होता. कुठला, ते वाचकाने ओळखायचं.

असो. खरं दुखणं टेबलाचं आहे, म्हणून हे पत्र.

बारा बाय सहाचं टेबल आणि चारी बाजूंनी क्यू (खेळायची काठी) मागे खेचायला जागा, म्हणजे खोली बावीस बाय सोळाची लागते. साडेतीनशे चौरस फूट. या शहरात तेवढ्यात चार माणसांचे संसार होतात. आखूड क्यू ठेवले तर तेवढ्याच जागेत दोन छोटी पूल टेबलं दाटीवाटीने बसतात आणि गल्ला दुप्पट. ज्या पार्लरमध्ये बारा फुटी टेबल आहे तिथे ते स्नूकरवाल्यांच्या तासाच्या भाड्यावर चालतं. तीन चेंडू मांडून एकटाच इन-ऑफ (दुसऱ्या चेंडूला लागून आपला चेंडू भोकात घालणं) घोटत बसणारा पोरगा मालकाला नको असतो. उरले क्लब आणि जिमखाने. टेबल त्यांचं, हॉल त्यांचा, म्हणून स्पर्धेच्या तारखाही त्यांच्या सोयीच्या आणि संघटनेत शब्दही त्यांचाच.

त्या सोयीचा नमुना म्हणून गेल्या जुलैतली, उपनगरातल्या एका जिमखान्यातली निवड स्पर्धा घ्या. नाव लिहीत नाही. टेबलं दोन, एक खिडकीला लागून, एक आतल्या भिंतीकडे. रात्री दहाला शेवटचा सामना संपला आणि बिल वाढतं म्हणून व्यवस्थापकांनी एसी बंद करवला. टेबलाखालची स्लेट म्हणजे दगडाचे पाच तुकडे, जाडी पावणेदोन इंच. तो दगड रात्रभर गार राहतो. सकाळी झाडूवाल्याने खिडक्या उघडल्या आणि जुलैची हवा त्या गार दगडावर येऊन बसली. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो, तसाच प्रकार. वरचं कापड लोकरीचं, ते सगळी ओल पितं. साडेनऊला हात फिरवला तर खिडकीकडचं टेबल चक्क दमट लागत होतं, आतलं जेमतेम बरं.

स्नूकरमध्येही याने फरक पडतो, पण बिलियर्ड्सचा जीवच जातो. वरच्या स्पॉटवर, म्हणजे टेबलाच्या वरच्या टोकाजवळच्या खुणेवर, लाल, त्याच्या मागे कुशनजवळ दुसऱ्याचा चेंडू, आणि आपण लाल पॉट करायचा (भोकात घालायचा), अलगद कॅनन घ्यायचा (आपला चेंडू बाकी दोघांना लावायचा), पुन्हा लाल. चेंडू तीन इंच हलवायचा असतो, हातभर नाही. ओल्या कापडावर तीन इंचांचा फटका दोनवर थांबतो आणि पुढचा कॅनन झाकला जातो. जोर वाढवावा तर चेंडू पांगतात. मग सगळे खाली येऊन लांबचे इन-ऑफ मारत बसतात, पंधरा हॅझर्ड (पॉट किंवा इन-ऑफ) झाले की नियमाने एक कॅनन, की पुन्हा इन-ऑफ. नाजूक हाताचे दोघे ड्रॉमध्ये खिडकीकडच्या टेबलावर आले आणि जेवणाआधी घरी गेले. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळालं, ‘टेबल सगळ्यांना सारखंच आहे.’ दोन टेबलं एकमेकांसारखी नव्हती, सगळ्यांना सारखी कुठून होणार?

मार्कर, म्हणजे टेबल राखणारा क्लबचा माणूस, कुठे होता, असं कुणी विचारील. तो पत्त्यांच्या हॉलमध्ये होता, कारण त्याच दिवशी सभासदांची रमीची स्पर्धा होती आणि तिथे माणूस कमी पडत होता. त्याच्या जागी कँटीनमधला मुलगा ब्रश घेऊन आला आणि सतरंजी झटकावी तसा दोन्ही दिशांनी फिरवून गेला. कापडाला लव असते, ती बॉककडून वरच्या स्पॉटकडे. ब्रश त्याच दिशेने, सरळ पट्ट्यांत मारायचा. उलटा मारला की हळू जाणारा चेंडू शेवटच्या फुटात वाकडा होतो आणि खेळाडू स्वतःच्या हाताला शिव्या घालतो. ब्रशनंतर लाकडी पाट, मग इस्त्री, तीही त्याच दिशेने आणि न थांबता. ब्रश चुकला की खडूची पूड इस्त्रीखाली लवेत कायमची बसते. इस्त्री किती तापली ते आधी वर्तमानपत्राच्या कागदावर पाहतात, कागद पिवळा पडला तर थांबायचं. कालचं आपलं पान त्या कामाला ठेवलं आहे.

हे सगळं करायला एका टेबलाला अर्धा-पाऊण तास आणि जाणता माणूस लागतो. मार्कर म्हणजे गुण मोजणारा पोऱ्या नव्हे. टेबलाची नाडी त्याच्या हातात असते, आणि क्लबच्या पटावर त्याचं नाव वेटरांच्या खाली.

उपाय काही लंडनहून आणायचा नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवसापासून बक्षीस समारंभापर्यंत एसी रात्रंदिवस चालू ठेवा, खिडक्यांना पट्ट्या मारा, जमलं तर हवेतली ओल खेचणारं यंत्र बसवा. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत स्लेटखाली हीटर असतात आणि ते बंद करत नाहीत. तेवढी ऐपत नसेल तर निदान सकाळी दोन्ही टेबलांवर बॉक लाइनवरून पूर्ण जोराने एकेक चेंडू मारून पाहा. तो दोन्हीकडे टेबलाच्या सारख्याच लांब्या जातो का, हे सगळ्यांसमोर मोजा आणि फळ्यावर लिहा. नाही जमलं तर निवड स्पर्धा डिसेंबरात घ्या. पण डिसेंबरात क्लबांच्या स्वतःच्या आमंत्रितांच्या स्पर्धा असतात, तेव्हा आपली गरीब निवड स्पर्धा पावसातच भिजणार.

लगे हाथ आणखी एक. पूर्वी आपल्या अंकात स्थानिक स्पर्धांचे निकाल बारीक टाइपात का होईना यायचे: कॅरम, कबड्डी, टेबल टेनिस, आणि शेवटी आमचे दोन-चार ब्रेक. ती चौकट बंद करून तिथे आता परदेशी फुटबॉलपटूंच्या केशभूषेचे फोटो येतात. ती पुन्हा सुरू करणार असाल तर ब्रेकच्या आकड्यापुढे टेबल क्रमांकही छापा. खिडकीकडचं कोणतं ते आम्ही ओळखू.

आपला,
एक वाचक, माटुंगा
(नाव छापू नये. क्लबाच्या दारावरचा रखवालदार अजून सलाम करतो.)