चिनी कपाटाची पाठ पाहावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गृहसजावटीच्या पानावर चिनी आणि एकंदर आशियाई पद्धतीच्या पारंपरिक लाकडी सामानाविषयी जे लेखन येते, ते मी आवर्जून वाचतो. जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती करण्याच्या धंद्यातली माझी ही दुसरी पिढी असून, गेल्या काही वर्षांत शिसवी पलंग आणि सागवानी पेटाऱ्यांच्या जोडीने चिनी कपाटेही आमच्याकडे येऊ लागली आहेत. मात्र या लेखनात लाल रंग, पितळी चकत्या, ड्रॅगनची नक्षी आणि कोणती वस्तू कोणत्या दिशेला ठेवली असता घराची भरभराट होते, एवढ्याचाच ऊहापोह असतो. ज्या गुणासाठी हे सामान जगभर नावाजले गेले, त्या सांधेजोडीविषयी एक ओळही नसते, आणि नेमके तेच ठाऊक नसल्यामुळे घेणारा फसतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

चीनमध्ये मिंग राजवटीच्या (१३६८ ते १६४४) उत्तरार्धात ही कला विशेष बहरली. १५६७ मध्ये खासगी समुद्री व्यापारावरची बंदी शिथिल झाल्यावर आग्नेय आशियातले कठीण लाकूड तिथे अधिक प्रमाणात येऊ लागले. कठीण लाकडात बारीक सांधा टिकतो, त्यामुळे सुतारांना सडपातळ पायांची, फारशी नक्षी नसलेली, तरीही पिढ्यान्‌पिढ्या न डगमगणारी मेजे आणि खुर्च्या घडवता आल्या. एका लाकडाला कुसू, म्हणजे पुढे आलेली जीभ, काढायचे, दुसऱ्याला तेवढीच खाच पाडायची आणि दोन्ही एकमेकांत बसवायची, ही रीत आपल्या सुतारांनाही अपरिचित नाही. पण चिनी कारागिराने ती अशा टोकाला नेली की चांगल्या कामात लोखंडी खिळा जवळजवळ नसतोच आणि सरसही अगदी बेताचा असतो. दाराची किंवा मेजाची फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली असते, चिकटवलेली नसते. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तेव्हा त्या फळीला हलायला जागा मिळते. आपल्याकडच्या हवेत ही मोकळीक किती मोलाची आहे, हे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

गेल्या जुलैत एका गृहस्थांनी असेच एक लाल कपाट आमच्याकडे आणले. विकणाऱ्याने ते दोनशे वर्षांपूर्वीचे, लग्नात मुलीला दिले जाणारे कपाट म्हणून विकले होते आणि किंमतही तशीच घेतली होती. पहिल्याच पावसाळ्यात दाराची फळी वरपासून खालपर्यंत उभी तडकली. कपाट भिंतीपासून फिरवून पाहिले तर पाठीला प्लायवूड होते. पितळी चकती सोडवली तर तिच्याखाली आजकालचे चौफुलीच्या खाचेचे स्क्रू निघाले. ते दिसू नयेत म्हणून डोक्यावर काळे पॉलिश फासलेले होते. किडीची म्हणून दाखवलेली भोके सरळ आणि एकाच मापाची होती, म्हणजे ती ड्रिलने पाडलेली होती, कारण खरी कीड लाकडात वेडीवाकडी फिरते. फळी तडकण्याचे कारण तर उघडच होते: ती चारही बाजूंनी चौकटीला चिकटवून टाकली होती. त्या गृहस्थांच्या पत्नींनी ते कपाट मुलीच्या लग्नासाठी घेतले होते. त्यांना हे सारे समजावून सांगताना मला फार वाईट वाटले.

याउलट सिंगापूरहून परतलेल्या एका कुटुंबाचे साधे, न रंगवलेले, एल्म लाकडाचे कपाट मागे दुरुस्तीला आले होते. त्याच्या दारांना बिजागरीच नव्हती. दाराच्या उभ्या दांडीचीच वर-खाली टोके काढून ती चौकटीच्या भोकांत बसवली होती. दार अर्धा इंच वर उचलले की अलगद हातात येत होते, आणि मधला खांबही तसाच सरकवून काढता येत होता. आपल्या जुन्या वाड्यांची दारे अशाच खुंट्यांवर फिरत. माझे वडील आयुष्यभर त्या दारांची कामे करीत होते, त्यामुळे ते कपाट उघडताना मला ओळखीचे माणूस भेटल्यासारखे झाले. एक खुंटी झिजली होती, ती नवी घडवून बसवली. संपूर्ण कपाटाला लागलेली दुरुस्ती एवढीच.

वयाच्या दाव्याविषयीही एक गोष्ट वाचकांना ठाऊक असावी. १९११ पूर्वीच्या वस्तू देशाबाहेर नेण्यास चीनने २००७ पासून मनाई केली आहे. त्याआधी बाहेर गेलेल्या जुन्या वस्तू हाँगकाँग, सिंगापूर आणि युरोपात पुष्कळ आहेत, हे खरे. परंतु ‘गेल्याच महिन्यात चीनहून उतरलेले दोनशे वर्षांचे कपाट’ असे कोणी सांगत असेल, तर एक तर कायदा मोडला गेला आहे किंवा कपाट नवे आहे. नवे असण्यात काहीच कमीपणा नाही. चांगल्या सुताराने आज केलेले, सांधे नीट जमलेले मेज नवे म्हणूनच विकावे आणि नवे म्हणूनच घ्यावे.

लाकडाची बाब मला याहूनही गंभीर वाटते. चीनमध्ये ‘झितान’ नावाचे जे गर्द जांभळट लाकूड मिंगनंतरच्या छिंग राजवटीच्या दरबारात सर्वांत प्रतिष्ठेचे मानले गेले, त्या नावाखाली आज मुख्यतः आपले रक्तचंदन विकले जाते. सूज आली की आजी ज्याचे खोड सहाणेवर उगाळून लेप लावायची, तेच हे झाड. ते निसर्गतः मुख्यत्वे आंध्र प्रदेशाच्या दक्षिण भागातल्या पूर्व घाटात वाढते, तेही अत्यंत सावकाश. त्याचे लाकूड पाण्यात बुडण्याइतके जड असते. १९९५ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स, म्हणजे दुर्मीळ प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे, तरीही न्हावा-शेवा बंदरात भलत्याच मालाच्या नावाखाली निघालेले रक्तचंदनाचे ओंडके पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात. अशा ओंडक्यांना सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीनमधील फर्निचरचा बाजार आहे. म्हणून दुकानदार ‘झितान’ म्हणून मिरवत असेल, तर लाकूड कुठले आणि त्याची कागदपत्रे कुठे आहेत, हे विचारण्याचा ग्राहकाला पुरेपूर अधिकार आहे.

वस्तू कोणत्या कामाची होती, हेही जाणून घ्यावे. दोन्ही टोके वर वळलेले लांब, अरुंद मेज अनेक चिनी घरांत पूर्वजांच्या पूजेसाठी भिंतीशी मांडलेले असे. त्यावर मद्याच्या बाटल्या मांडलेले छायाचित्र सजावटीचा नमुना म्हणून छापलेले मी पाहिले आहे. आपला देव्हारा कोणी परदेशात त्यासाठी वापरला तर आपल्याला काय वाटेल? त्या मेजावर समई, फुलदाणी, घरातल्या वडीलधाऱ्यांची छायाचित्रे अगदी शोभून दिसतील. शिवाय चिनी खुर्ची उंच असते, पुढच्या आडव्या पट्टीवर पाय टेकून ताठ बसण्यासाठी केलेली असते. ज्यांच्या घरात अजून गादी-तक्क्यांची बैठक आहे, त्यांना ती अवघडच वाटेल. कोरियात आणि जपानमध्ये जमिनीवर बसण्याची रीत असल्यामुळे तिथल्या पेट्या आणि मेजे बुटकी असतात, आणि चौरंगाशेजारी ती सहज सामावतात. लहान सदनिकेत तर पायऱ्यांखाली खण असलेले जपानी जिन्याचे कपाट मोठ्या उपयोगाचे आहे.

आपणास विनंती एवढीच, की या विषयावरील पुढच्या लेखात समोरून घेतलेल्या छायाचित्राबरोबर त्याच वस्तूच्या पाठीचे आणि तळाचेही छायाचित्र छापावे, आणि लाकडाचे नाव न चुकता द्यावे.

आपला,
एक वाचक, पुणे