दोन आदणांमधली झोप

काका,

साष्टांग नमस्कार.

नरसोबाच्या वाडीच्या घाटावरून तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही गुऱ्हाळात, ऊसाच्या रसाच्या मोठ्या काहिलीपाशी होता. "पोचलासा? बरं झालं. रस वर याय लागलाय, ठेवतो." एवढं बोलून फोन ठेवलात. मनात जुळवून ठेवलेलं सगळं तसंच राहिलं. म्हणून हे पत्र. तुमच्या नातीने त्या रात्री आमच्या होडीचे फोटो काढले होते, तिच्याच मोबाईलवर पाठवतोय. ती वाचून दाखवेल. हे चारचौघांनीही वाचावं असं वाटतं, म्हणून उघडंच लिहितोय. मध्येच "पुरे की आता" म्हणून उठू नका.

त्या रात्री तुम्ही आम्हाला फार काही विचारलं नाहीत, तर आधी ते सांगतो. आम्ही दोघं कोल्हापूरचे, शाळेपासूनचे दोस्त. पंचगंगा आम्ही जन्मभर शिवाजी पुलावरून बघत आलो. पूर आला की पाणी कुठवर चढलं ते बघायला जायचं, उतरला की घरी यायचं. नदी अशी वरूनच माहीत. दोस्ताने गोव्याहून एक जुनी फायबरची कॅनू टेम्पोतून आणली आणि आम्ही ठरवलं, एकदा तरी अख्खी नदी पाण्यावरून बघायची. चिखलीच्या संगमापासून वाडीपर्यंत, साधारण 80 किलोमीटर. चार दिवस, तीन मुक्काम. संक्रांत झाली आणि आम्ही निघालो.

पहिला दिवस सुखाचा गेला. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात आणि पाचवी सरस्वती लोक गुप्त मानतात. तिथून सकाळी नऊला होडी पाण्यात घातली. पंचगंगा घाटाजवळून जाताना देवळांच्या पायऱ्यांवर धुणं चाललं होतं. बायकांनी हात वर केले. ब्रह्मपुरीची टेकडी पाण्यावरून बघितली तर केवढी उंच वाटते! पण संध्याकाळपर्यंत खांदे भरून आले. दिवाळीनंतर बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की नदी वाहत नाही, एकापाठी एक तळी होतात. मारलं तेवढंच वल्हं पुढे नेतं. प्रत्येक बंधाऱ्याला सामान उतरवायचं, होडी खांद्यावर घ्यायची आणि खालच्या अंगाला पुन्हा पाण्यात सोडायची. राजाराम बंधारा असाच ओलांडला आणि त्याच्या खाली पहिला मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी रुकडीचा रेल्वे पूल मागे टाकल्यावर एका बंधाऱ्याला आम्ही घाई केली. ऊन कलत आलं होतं. सामान न उतरवता होडी तशीच दगडांवरून खाली सरकवली. कर्र असा आवाज आला. पाण्यात उतरलो तेव्हा काही कळलं नाही. दोनेक किलोमीटर गेल्यावर माझे गुडघे ओले झाले. पुढे बसलेल्या दोस्ताने मागे वळून पाहिलं तर झोपायच्या पिशव्या पाण्यात तरंगत होत्या. काठाला लावली. होडी उलटी केली तर तळाला वीतभर चीर, नाकाच्या जरा मागे. दोन्ही बाजूंना नुसता ऊस. फोनला रेंज नाही आणि अंधार पडायला अर्धा तास उरलेला.

तेवढ्यात तुमच्या गुऱ्हाळाचा धूर दिसला. त्या आधी उकळत्या रसाचा वास आला होता, तो आठवला की अजून जिवात जीव येतो.

तुम्ही काहिलीपाशी उभे होता, हातात फावडं. कपड्यातून पाणी गळत असलेली आम्ही दोघं वाफेतून पुढे आलो. तुम्ही आमच्याकडे एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "बसा तितं. एवढं आदण उतरू दे." ना कोण, ना कुठले. काहिलीतला तेवढा रस शिजून उतरेपर्यंत आम्ही चिपाडाच्या ढिगाशेजारी बसलो. तुम्ही रसाचा एक थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी दाबून बघितलात, पुन्हा थोड्या वेळाने बघितलात, मग एकदम हाक दिलीत. चौघांनी काहील उचलून गूळ गार करायच्या वाफ्यात रिकामी केली. गूळ करणाऱ्या गुळव्याची नजर त्या घटकेला चुकली तर शेतकऱ्याच्या तेवढ्या ऊसाचं मोल जातं, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. आता कळतं, तुम्ही आम्हाला थांबवलंत ते किती बरोबर होतं.

काहील उतरली, ती धुवून घेतली, नवा रस भरून पुन्हा चुलवाणावर चढवली. तो उकळायला लागेपर्यंत तुम्हाला जो वेळ मिळतो तोच तुमच्या झोपेचा. तुमचा पोरगा दुसऱ्या दिवशी सांगत होता, "बापू पहाटे तीनपासनं उभं हाईत. आदण चढलं की घटकाभर पडत्यात, नाहीतर टिकत न्हाई." तुम्ही त्या रात्री पडला नाहीत. खांद्यावरचं फडकं झटकलंत आणि म्हणालात, "चला, बघू कुठं चिरलीया."

मला खरं तर ह्यासाठीच हे पत्र लिहायचं होतं, काका. बाकी सगळ्याचे आभार मानता येतील. त्या घटकाभराच्या झोपेचे कसे मानायचे ते अजून सुचलेलं नाही.

बॅटरीच्या उजेडात तुम्ही होडीच्या तळावरून हात फिरवलात, जसा कोणी बैलाच्या पाठीवरून फिरवावा. मग चुलवाणाच्या बाहेरच्या भिंतीला ती टेकवून ठेवायला सांगितलीत. "आगीजवळ न्हाई, भित्तीजवळ. ऊब लागली पायजे, जाळ न्हाई." ती वाळेपर्यंत काकूंनी भाकऱ्या थापल्या. वांग्याची भाजी, खर्डा आणि ताटात मध्येच गरम काकवी ओतली. दोन दिवस नुसत्या शेंगदाण्याच्या लाडवांवर काढलेल्या पोटाला ती काकवी काय लागली म्हणून सांगू! दोस्ताने तीन वेळा मागून घेतली. काकूंनी चौथ्यांदा न मागता वाढली.

मग तुम्ही हातड्रिल मागवलंत. चिरेच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक भोक पाडलंत. आम्ही घाबरलो, आधीच फुटलेल्या होडीला आणखी भोकं! तुम्ही न बघताच म्हणालात, "टोकाला भोक पाडलं की चीर पुढं पळत न्हाई. ट्रॉलीच्या पत्र्याला बी असंच करतो." नंतर पॉलिश पेपरने आतबाहेर घासून खरखरीत केलंत, टाकीच्या पाइपाला लावून उरलेलं एम-सील दोन्ही रंग एक होईपर्यंत मळलंत आणि अंगठ्याने चिरेत दाबून बसवलंत. अंगठा पाण्यात बुडवायचा आणि दाबायचा, बुडवायचा आणि दाबायचा. वरून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा सोल्यूशन लावून चिकटवलात आणि त्यावर विटा ठेवल्यात. तोवर रस उसळायला लागला होता. हात न पुसताच तुम्ही काहिलीकडे गेलात, भेंडीचं पाणी टाकून मळी काढायला.

आम्ही नदीकाठीच तंबू ठोकणार होतो. तुम्ही तिथूनच ओरडून नाही म्हणालात. "काठाला झोपू नगा. खाली शिरोळच्या अंगाला मगरी हाईत, इकडं बी येत्यात कवाकवा. पाण्यापासनं लांब, उंचावर." कृष्णेच्या मगरींबद्दल आम्ही पेपरात वाचलं होतं, पण काठावर वाळू बघितली की तंबू ठोकायचा, एवढंच आमचं शहाणपण. तुमच्या गूळघरात ढेपांच्या शेजारी झोपलो. पुढच्या रात्रीही पाण्याजवळ झोपलो नाही. एका देवळाच्या ओवरीत पडलो.

झोप लागण्याआधी तुमच्या नातीने भिंतीवरची चुन्याची रेघ दाखवली. 2019 चं पाणी. त्याच्यावर हातभर अंतरावर दुसरी, 2021 ची. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट असते, दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. हे आकडे आम्ही शहरात बसून दर तासाला मोबाईलवर बघत होतो. तुमच्या भिंतीवर ती रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. शेजारी जुनी काहील टेकून ठेवलेली. नात म्हणाली, "आज्जानं हिच्यातनंच माणसं काढली." सकाळी विचारलं तर तुम्ही एवढंच म्हणालात, "म्हशी बी काढल्या. त्यांना दावं बांधून मागनं पवाय लावायचं." मग होडीकडे बघत म्हणालात, "आमची काहील गिरक्या घेती. ही सरळ जात असंल." आणि जरा थांबून, "एकदा बसून बघितलं पायजे." तेवढ्यात ऊसाची गाडी आली आणि ते तिथेच राहिलं.

निघताना आम्ही पैसे पुढे केले. तुम्ही आमचा हात तसाच बंद करून परत खिशाकडे नेलात. "पुढं इचलकरंजीला केंदाळ लागंल. तवा कळंल पैसं कशाला लागत्यात ते." आणि बांधावरचा वाळलेला कळक, दहाएक फुटांचा बांबू, होडीत आडवा ठेवलात. "केंदाळात वल्हं चालत न्हाई. कळकानं ढकला. आणि बरग्याखालनं पाणी सुटलेलं दिसलं तर जवळ जाऊ नगा, ती वढ बैलाला बी सोडत न्हाई."

आता पुढचं सांगतो, कारण ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

इचलकरंजीच्या पुढे नदी दिसेनाशी झाली. ह्या काठापासून त्या काठापर्यंत हिरवीगार जलपर्णी, तुम्ही म्हणालात ते केंदाळ. लांबून बघितलं तर एखादं कुरण असावं तशी, वर बगळे चालत होते. जवळ गेल्यावर वास. पाणी काळं, त्यावर फेस. वल्हं घातलं की मुळ्यांत अडकायचं, ओढून काढायला दोन्ही हात लागायचे. माझं डोकं दुखायला लागलं. त्या काठच्या गावांतली माणसं रोज हा वास घेतात आणि आम्हाला तो अर्धा दिवस सोसवेना. वरच्या अंगाला, शहरात आम्ही जे नाल्यांतून सोडतो ते खाली इथे येऊन साचतं. पुलावरून बघताना हे कधी दिसलं नव्हतं.

तिथे तुमचा कळक काढला. दोस्त पुढे उभा राहिला, कळक तळाला टेकवून रेटायचा. मी मागून हाताने केंदाळ बाजूला सारायचो. एका रेट्याला होडीभर अंतर. तीन तास लागले. मध्ये एकदा कळक चिखलात रुतला आणि दोस्त त्याला लोंबकळत राहिला, होडी पुढे निघाली. मी केंदाळाला धरून ती मागे ओढून आणली. कळक सोडला असता तर आम्ही तिथेच बसलो असतो.

तेरवाडच्या बंधाऱ्याला खालून पाणी सुटत होतं. वरून बघितलं तर अगदी शांत, जरा फिरतंय एवढंच. एक ओंडका त्यात खाली जायचा आणि त्याच जागी वर यायचा, पुन्हा खाली. आम्ही काही न बोलता बरंच आधी होडी काठाला लावली, सगळं सामान उतरवलं आणि लांबून वळसा घालून गेलो. ह्या वेळी दगडांवरून सरकवली नाही.

चौथ्या दिवशी चारच्या सुमारास संगम आला. पंचगंगेचं पाणी काळपट, कृष्णेचं जरा हिरवं, आणि दोन्ही काही अंतर शेजारी शेजारी जातात, एकदम मिसळत नाहीत. वाडीच्या घाटावर पोचलो. होडी उलटी करून आधी तुमचं ठिगळ बघितलं. ट्यूबचा एक कोपरा सुटला होता. आतलं एम-सील जसंच्या तसं, त्यावर तुमच्या अंगठ्याचा ठसा. दोस्त त्याच्यावर हात ठेवून बराच वेळ बसला. मग आम्ही पादुकांचं दर्शन घेतलं आणि तुम्हाला फोन लावला.

कवठाची बर्फी काकूंसाठी घेतली आहे. नातीला सांगा, फोटो छापून घेतलेत, तिचाही एक आहे, काहिलीला टेकून उभी असलेला.

कळक घरी गच्चीवर ठेवला आहे. आई त्यावर कपडे वाळत घालू म्हणाली, मी नाही म्हणालो. गुऱ्हाळ पाडव्यापर्यंत उरकतं असं पोरगा सांगत होता. पाडवा झाला की पुढच्या रविवारी येतो, होडी घेऊनच. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी संथ आहे. पुढे बसणाऱ्याला नुसतं वल्हं मारायचं असतं, मागे बसणाऱ्याला वळवायचं. तुम्हाला कुठे बसायचं ते ठरवून ठेवा. आणि आदल्या रात्री झोप काढा.

तुमचे,
वाफेतून आलेले दोघं