‘चंदावरास गेले’: तंजावरच्या कुलसंमेलनासाठी आवाहन

समस्त कुलबंधू आणि कुलभगिनींना सप्रेम नमस्कार.

पोंगलनंतरच्या पहिल्या शनिवार-रविवारी आपलं कुलसंमेलन तंजावरला भरणार आहे. इतक्या लांब का, असं अनेकांनी विचारलं. आपल्या वंशावळीत पाचव्या पिढीतल्या धाकट्या भावाच्या नावापुढे दोनच शब्द आहेत: ‘चंदावरास गेले.’ चंदावर म्हणजे तंजावर. त्यापुढे कागद कोरा आहे.

ते एकटे गेले नव्हते. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला गादी स्थापली, तेव्हापासून १८५५ साली राज्य खालसा होईपर्यंत कारकून, शास्त्री, शिलेदार, हरिदास तिकडे जात राहिले आणि तिथलेच झाले. बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो आजही उभ्या उभ्या वाचता येतो. राजाचं कूळ दगडावर राहिलं. त्याच्या फडावर लेखणी चालवणाऱ्यांचं कूळ मात्र आपल्यालाच शोधायचं आहे.

अडचण आडनावाची आहे. तमिळनाडूत आडनाव लावण्याची रीत नाही. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आधी, मग स्वतःचं नाव आणि शेवटी फार तर ‘राव’. त्यामुळे बऱ्याच घरांतून आडनाव पुसलं गेलं. गोत्र आणि कुलदैवत टिकलं, कारण ते मुंजीत, लग्नात उच्चारावंच लागतं. पण गोत्र जुळलं म्हणजे कूळ जुळलं, असं होत नाही. त्यासाठी कागदच हवा.

कुंभकोणमच्या एका आजींशी आमचं फोनवर बोलणं झालं. त्यांनी आपल्याच कुलदेवीचं नाव घेतलं, आपलंच गोत्र सांगितलं. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिलेला नाही. “आमचं मूळ गाव कुठलं, एवढं तेवढं शोधून द्या,” म्हणाल्या. त्या संमेलनाला येणार आहेत. त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, ही आमची मनापासूनची इच्छा आहे.

त्यासाठी मदत हवी आहे. पहिली गरज मोडी वाचणाऱ्यांची. सरस्वती महाल ग्रंथालयात तंजावर दरबारची मोडी दप्तरं आहेत. तंजावरी मोडीचं वळण वेगळं, सरावाशिवाय ते लागत नाही. वाचकांचं मानधन, प्रवास आणि राहणं यावर आपला सर्वांत मोठा खर्च होईल आणि तो व्हायलाच हवा. दुसरा खर्च ज्येष्ठांच्या भाड्याचा. यायची इच्छा आहे पण ऐपत नाही, असं एकाही घरानं म्हणू नये. देणगी कितीही चालेल. कोषाध्यक्षांकडून पावती अवश्य घ्या; पूर्ण हिशेब संमेलनात सर्वांसमोर वाचला जाईल. चेन्नई, बंगळुरूकडच्या तमिळ येणाऱ्या तरुणांनी दोन दिवस द्यावेत. स्थानकावर उतरवून घ्यायला आणि घरोघरी बोलायला माणसं लागतील.

पैशांइतकंच घरातलं जुनं बाड मोलाचं आहे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून उतरवून आणलेले लेख, लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, देवघरातल्या टाकांच्या मागे ठेवलेली चिठ्ठीसुद्धा आणा. जुन्या वंशावळीत मुली आणि सुना नाहीतच. बाप, मुलगा, नातू एवढंच. या वेळी प्रत्येक घरानं आई, आजी, आत्या यांची माहेरची-सासरची दोन्ही नावं लिहून आणावीत. दक्षिणेतला धागा एखाद्या आत्याच्या सासरहूनच हाती लागेल, असं आम्हाला वाटतं.

येणाऱ्यांनी मार्गशीर्ष संपण्याआधी आपल्या शाखेच्या प्रतिनिधीकडे नावं द्यावीत. कागद फाटके असतील तर त्यांना चिकटपट्टी लावू नका, घड्या जोर लावून उलगडू नका. सुती फडक्यात गुंडाळून आहेत तसे आणा. उलगडायचं काम जाणकारांच्या हातून होईल.

आपली,
कुलमंडळाची कार्यकारिणी