एक हात उशिरा तपासला गेला: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

हे पत्र मी बोलतो आहे आणि फोन ते टिपून घेतो आहे. मानेच्या मज्जारज्जूला मार बसला त्याला आता दोन वर्षं होतील. खांदा उचलता येतो, कोपर वाकतं, मनगटही थोडं वर येतं. मूठ मात्र वळत नाही.

मूठ वळावी म्हणून नर्व्ह ट्रान्स्फर नावाची शस्त्रक्रिया करतात. चालू नसेची एक फांदी कापून बंद पडलेल्या स्नायूच्या नसेला जोडायची. कोपर वाकवायला मुख्यतः बायसेप्स आणि ब्रेकिअलिस असे दंडातले दोन स्नायू असतात. बायसेप्स भक्कम असेल तर ब्रेकिअलिसची नस बोटं मिटण्यासाठी देता येते. २०१९ मध्ये मेलबर्नच्या शल्यचिकित्सकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १६ रुग्णांवर केलेल्या ५९ जोडण्यांचा अनुभव मांडला. सगळ्या साधल्या नाहीत, पण बऱ्याच जणांच्या हाताला पुन्हा पकड आली.

माझं गाऱ्हाणं शस्त्रक्रियेबद्दल नाही, तिच्या आधीच्या तपासणीबद्दल आहे.

मज्जारज्जूत जिथे मार बसतो तिथल्या चेतापेशी मरतात आणि त्यांच्यातून निघालेल्या नसाही. असा स्नायू लुळा पडतो, सुकतो, आणि वर्ष-दीड वर्षानंतर नस जोडूनही उपयोग उरत नाही. त्यात नवी नस वाढते दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. त्या जागेच्या खालच्या पेशी मात्र जिवंत असतात, फक्त मेंदूचा निरोप तिथवर पोचत नाही. त्यांच्या स्नायूंना काही वर्षांनीही नस जोडता येते. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच, कारण हलत कुणीच नाही. एमआरआयवरूनही प्रत्येक स्नायूचा निवाडा होत नाही. तो होतो ईएमजी-एनसीव्हीने, म्हणजे स्नायूत सुई घालून आणि नसेला विजेचा हलका झटका देऊन केलेल्या तपासणीने. (ज्या स्पॅझमना, म्हणजे स्नायूंना आपोआप येणाऱ्या आचक्यांना, आम्ही रात्रंदिवस शिव्या घालतो, तेच खालची वायरिंग शाबूत असल्याची खूण असते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर थोड्या कमी घातल्या असत्या.)

माझी पहिली तपासणी चौथ्या महिन्यात झाली. अहवालात एकच ओळ: 'मानेच्या मज्जारज्जूच्या दुखापतीशी सुसंगत'. ते मला गळ्यातल्या पट्ट्यावरूनही कळत होतं! संवेदनेच्या नसा नॉर्मल आल्या म्हणून घरचे हरखले. पण त्या नसांच्या पेशी मज्जारज्जूच्या बाहेर असतात, त्यामुळे अशा दुखापतीत त्या बहुधा नॉर्मलच येतात. अंगठा आणि बोटं मिटणाऱ्या स्नायूंना कुणी सुई लावली नव्हती. ब्रेकिअलिस दाता होण्याइतका भक्कम आहे का, तेही पाहिलं नव्हतं. हे सगळं झालं चौदाव्या महिन्यात, तेही मी हट्टाला पेटलो म्हणून. डाव्या हाताचे स्नायू विजेच्या स्पर्शाने आकुंचन पावले. उजव्याचे नाही.

उजव्यासाठी आता टेंडन ट्रान्स्फरचा, म्हणजे नसेऐवजी चालू स्नायूची दोरी (टेंडन) दुसरीकडे जोडण्याचा पर्याय आहे, त्याला अशी घाई नसते. पण निवड करायची संधी गेली ती गेलीच.

महोदय, मानेच्या मज्जारज्जूची दुखापत झालेल्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात व्हावी, असा आदेश काढा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती करण्यात अर्थ नाही, मेलेल्या नसेच्या खुणा सुईवर उमटायला तेवढे दिवस जातात. आदेशात स्नायूंची नावं असू द्या: देणारे कोणते, घेणारे कोणते. प्रत्येकापुढे आकडा हवा आणि दोन्ही हातांचा वेगळा हवा. शंका असेल तिथे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. आणि तो अहवाल फायलीत न राहता हाताच्या शल्यचिकित्सकाच्या टेबलावर जावा. नवं यंत्र यासाठी बहुतेक ठिकाणी लागणार नाही. माझ्या दोन्ही तपासण्या एकाच यंत्रावर झाल्या होत्या.

दोन्ही अहवाल सोबत जोडले आहेत. दुसरा चार पानांचा आहे.

आपला,
डाव्या हाताच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळालेला एक रुग्ण