सर जमिनीवर हवेत!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत वैमानिक प्रशिक्षणावरचा पानभर लेख वाचला. फोटो झकास आहेत. पहिलं सोलो, म्हणजे सरांशिवाय एकटीने उड्डाण, करून आलेल्या मुलीच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओततानाचा तर फारच छान. पण मजकुरात एक वाक्य असं आहे की, सोलो उड्डाण सुरू झालं की प्रशिक्षकाचं काम संपतं. हे आपल्या प्रतिनिधीला कोणी सांगितलं ते कृपया कळवावं. त्या गृहस्थांना मला भेटायचं आहे.

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. मुलगी वैमानिक झाली, त्यामुळे या विषयात नको तेवढं शिकलो. हप्ते भरणारा बाप सगळंच शिकतो. व्यावसायिक परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातले 100 तास 'पायलट इन कमांड', म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, भरावे लागतात. म्हणजे निम्मा वेळ सर शेजारी बसून शिकवत नाहीत. त्यातच 300 नॉटिकल मैलांची, साधारण साडेपाचशे किलोमीटरची एक फेरी असते, वाटेत दोन परक्या विमानतळांवर उतरून. एवढ्या सगळ्या वेळात सरांचं काम संपलेलं असेल, तर फी कशाची घेतात?

शिकाऊ परवान्यावर प्रशिक्षकाच्या परवानगीशिवाय सोलो करताच येत नाही. वारा कसा आहे, तेल किती, पोराचा चेहरा काय सांगतोय, हे बघून त्याने सोडायचं असतं. शिवाय विमानही बदलतं. सेस्ना 152 घ्या. भरून साडेसातशे किलोचं यंत्र, त्यातून ऐंशी किलोचे सर उतरले की ते भराभर वर चढतं आणि उतरताना धावपट्टीवर तरंगत राहतं, टेकायचं नावच घेत नाही.

आता माझं ऐका. संस्था कुठली, कुठल्या गावची, ते लिहीत नाही. मे महिना होता. मुलीचं सकाळचं सोलो विमान मोकळं नाही म्हणून लांबत लांबत अकराच्या पुढे गेलं. मी डबा द्यायला गेलो होतो, कुंपणाशी उभा. सरांनी वहीत सही केली, तिला सोडलं आणि स्वतः दुसऱ्या विद्यार्थ्याला घेऊन दुसऱ्या विमानात बसून निघून गेले. ती शेवटच्या वळणावर आली आणि वाऱ्याची नारिंगी पिशवी माझ्यासमोर गर्रकन उलटी फिरली. उन्हाळ्यातला वारा केळीवाल्याला कोणी शिकवू नये, उभी बाग घटकाभरात आडवी झालेली पाहिली आहे. वारा पाठीमागून आल्यावर विमान अर्धी धावपट्टी तरंगत गेलं. तिने पुन्हा वर घेतलं, फेरी मारून आली, पुन्हा तेच.

जमिनीवर रेडिओचा हँडसेट होता तो ऑफिसातल्या एका पोऱ्याकडे. तो बिचारा काय सांगणार! तेवढ्यात तेल भरायला थांबलेले दुसरेच एक सर पळत आले, त्यांनी हँडसेट ओढून घेतला आणि म्हणाले, "तेल बहुत है बेटा, जल्दी मत कर. दूसरी तरफ से आ." आवाज असा, की जणू चहाला बोलावतायत. पोरगी दुसऱ्या टोकाकडून आली आणि व्यवस्थित टेकली. त्या माणसाचा तिच्या त्या दिवसाच्या उड्डाणाशी कागदोपत्री काहीही संबंध नव्हता. वहीत शेरा पडला 'समाधानकारक', खाली आधीच्याच सरांची सही. सही मात्र वळणदार! ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, "काका, रेडिओवर कोणीतरी असतंच."

कोणीतरी कशाला? ज्याने सही केली त्याने पोर उतरेपर्यंत हँडसेट घेऊन धावपट्टीच्या कडेला उन्हात उभं राहावं. सगळे प्रशिक्षक हवेत असतील तर सोलो बंद, मग तास मागे पडले तरी चालतील. यात आम्ही पालकही कमी नाही, "किती तास झाले" याशिवाय दुसरा प्रश्न विचारत नाही. संस्थांत बरेच शिकवणारे म्हणजे कालपरवाच परवाना मिळालेली पोरं. एअरलाइनचा फोन येईपर्यंत स्वतःचे तास जमवणारी. त्यांना खाली उभं राहण्याचे तास कोण देणार?

प्रशिक्षकांवर माझा राग आहे असं समजू नये. 2021 च्या जुलैत चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात विमान पडलं, त्यात प्रशिक्षकच गेले, शिकणारी मुलगी जखमी झाली. ते शेजारी बसलेले होते. ही माणसं जीव धोक्यात घालून शिकवतात हे आम्हा खान्देशवाल्यांना सांगावं लागत नाही. म्हणून तर त्यांचं काम अर्ध्या वाटेत संपवून टाकू नका, एवढंच म्हणणं.

पुढच्या वेळी लेख लिहिताना आपल्या प्रतिनिधीने फाटकावरच्या हारतुऱ्यांऐवजी तासभर धावपट्टीशी उभं राहून बघावं. टोपी न्यावी.

आपला,
एक पालक, ता. रावेर
(नाव छापू नये, मुलीची नोकरी नवी आहे.)

ता. क. : त्याच अंकात पान पाचवर केळीचे जे भाव छापलेत, त्या भावात घेणारा व्यापारी कोण, तेही कळवावं. माल तोडून तयार आहे.